थोरलीचं मरण

आम्ही दोघी बहिणी भांडून लिहायचो. उगाच म्हणत नाही, आमची लिहायची पद्धतच ती होती. दुपारी आईला भरवून झालं की ताई दिल्लीतल्या हिंदूराव टेकडीच्या उतारावरच्या घरातून मला गाझियाबादला फोन लावायची आणि बरं-वाईट काही न विचारता थेट भांडणाला सुरुवात करायची. ती थोरली व्हायची, मी धाकटी. कालचा भाग जिथे सोडला असेल तिथून आम्ही एकमेकींच्या उरावर बसायचो आणि ते सगळं फोनमध्ये रेकॉर्ड व्हायचं. दम लागला की थांबायचो. मग जिची पाळी असेल ती ते ऐकून, निवडून, टाइप करायची. थोरलीचे भाग ताईचे, धाकटीचे माझे.

हे सगळं नोएडातल्या एका कंपनीसाठी चाललं होतं. फोनवर गोष्टी ऐकवणारं त्यांचं ॲप आहे. लोक मेट्रोत, स्वयंपाक करताना, रात्री झोप येत नाही म्हणून कानात इअरफोनची बोंडं घालून रोज एक भाग ऐकतात. त्यांना मराठीत ऐतिहासिक मालिका हवी होती आणि दिल्लीच्या परिसरात बसून मराठी लिहिणाऱ्या बायका त्यांना दोनच सापडल्या, त्याही एकाच घरातल्या.

घर म्हणजे बाबांनी उभं केलेलं. बाबा अमरावतीकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. दर वर्षी चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात मुलांची वक्तृत्व स्पर्धा असायची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तरी आयोजकांनी आम्हाला एकाच गटात घातलेलं, कारण मराठीत भाषण करणारी मुलंच कमी. ताई पहिली, मी दुसरी. पुढच्या वर्षी ताई पहिली, मी दुसरी. पहिलं बक्षीस स्टीलचा मोठा डबा आणि दुसरं स्टीलचा लहान डबा. आमच्या स्वयंपाकघरात ताईच्या डब्यांत कणीक आणि तांदूळ असायचे, माझ्या डब्यांत मोहरी आणि हिंग. आई म्हणायची, तुझं माझं जमेना अन् तुझ्यावाचून करमेना. मला त्यातलं पहिलं अर्धंच पटायचं.

मोठेपणी ताई काही वर्षं पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवत होती. मग बाबा गेले, आईचं अर्धं अंग लुळं पडलं, आणि ताईनं शाळा सोडून आईला धरलं. लग्न तिनं केलं नव्हतंच. मी लग्न केलं, मुलगी झाली, एका मंत्रालयात कंत्राटावर भाषांतराचं काम धरलं. परिपत्रकांचं मराठी करता करता माझी कंबर आणि भाषा दोन्ही गेली. तेव्हा ही मालिका मिळाली. मला ती त्या कामातून बाहेर पडायची शिडी वाटली. ताईला काय वाटली ते तिनं कधी सांगितलं नाही, पण त्या दुपारच्या तासाखेरीज तिच्या दिवसात आईचं पथ्यपाणी सोडून दुसरं काही नव्हतं, हे मला माहीत होतं.

गोष्ट आम्ही ताईच्या गॅलरीतून दिसणाऱ्या टेकडीवर घातली. दोनशे वर्षांपूर्वी ग्वाल्हेरकडून दिल्लीला येऊन राहिलेला एक मराठा सरदार, आमचा आम्हीच बनवलेला, त्याची टेकडीवर कोठी. पण राण्यांच्या गोष्टी आम्हाला लिहायच्या नव्हत्या. आमच्या नायिका दोन सख्ख्या बहिणी, लष्कराच्या मागून चालत आलेल्या. गावात त्यांना विहिरीला शिवू देत नसत. दिल्लीत त्यांना कोणी ओळखत नाही, म्हणून त्या जात चोरतात आणि वेगवेगळ्या दारांनी कोठीत शिरतात. थोरली मुदपाकखान्यात लागते आणि भांडी घासता घासता एक दिवस तिच्या कमरेला सगळ्या कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा येतो. धाकटी पत्रं वाचायला-लिहायला शिकते आणि सरदाराच्या बाईसाहेबांच्या गालिच्याच्या कडेला जाऊन बसते. दोघींना वर चढायचं आहे. दोघींना आपण पुढे आणि दुसरी एक पायरी मागे हवी आहे. आणि दोघींना एकमेकींची जात ठाऊक आहे. एकीनं तोंड उघडलं तर दोघी बुडणार. जगापुढे त्या एकमेकींच्या कोणीच नसतात, म्हणून चाऱ्याच्या कोठडीमागे भेटतात आणि तिथे भांडून घेतात.

पहिल्या बैठकीत कंपनीची मॅनेजर म्हणाली की बहिणींच्या अंगात थोडं राजरक्त निघालं पाहिजे, लिस्नर को अच्छा लगता है. ती लखनौची, बोलायला फार गोड. मी हिंदीत नम्रपणे नाही म्हणायला सुरुवात केली. ताईनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि शुद्ध, कडक हिंदीत सांगितलं की राजरक्त हवं असेल तर लेखिका दुसऱ्या बघा. बाहेर पडल्यावर मी तिला म्हटलं, काम गेलं असतं. ती म्हणाली, गेलं नाही ना. अशा वेळी आम्हा दोघींसमोर कोणाचं चालत नसे. मग मेट्रोत आम्ही भांडलो, कारण बैठकीत मुद्दा माझा होता आणि वाक्य तिनं मारलं होतं.

मालिका चालली. लोकांना भांडणं आवडली. खरी भांडणं होती, न आवडून जातात कुठे. ताई थोरलीच्या तोंडून मला म्हणायची, "तुला शिकवलं मी, उपाशी राहून, आणि तू त्या अक्षरांनी माझ्याच कपाळावर लिहितेस." मी धाकटीच्या तोंडून म्हणायचे, "उपकार मोजतेस तर किल्ल्यांबरोबर तेही कमरेला बांध." फोन ठेवल्यावर माझे कान तापलेले असायचे आणि अंगात तरतरी असायची. त्या एका तासात मला माझी बहीण पूर्ण मिळत होती. एरवी कोणती बहीण बहिणीशी रोज तासभर खरं बोलते?

मग एके दिवशी मॅनेजरनं मला एकटीलाच बोलावलं. तिनं लॅपटॉपवर एक आलेख दाखवला. थोरलीचे भाग लागले की लोक मधूनच उठून जातात, धाकटीचे शेवटपर्यंत ऐकतात. आलेखाची रेघ खाली उतरत होती तिथे तिथे माझ्या ताईची वाक्यं होती. ती म्हणाली, "मॅम, दो हीरोइन नहीं चलतीं. बड़ी वाली को मार दीजिए. आगे का शो आप अकेले लिखिए, नाम भी अकेला आपका." ताईसाठी पुढे काहीतरी बघू म्हणाली. कंपन्यांमध्ये 'बघू'चा अर्थ काय असतो ते मंत्रालयात राहून मला पाठ झालं होतं.

मला ते हवं होतं. उगाच साळसूदपणा कशाला करू? जन्मभर मोहरीचा डबा घेऊन घरी आले होते. रेघ माझ्या बाजूनं वर जात होती आणि ती कोणा आयोजकानं नाही, अनोळखी माणसांनी काढली होती. नोएडाहून परत येताना मला मेट्रोत बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभी होते. आणि हे आता ताईला सांगायचं होतं.

लपवायचा प्रश्नच नव्हता. ताईपासून मला कधी काही लपवता आलेलं नाही, माझा आवाजच फितूर होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, तिनं थोरली होऊन पहिलं वाक्य टाकलं आणि मी म्हटलं, थांब, आज भांडायचं नाहीये. सगळं सांगितलं. आलेखाचंही सांगितलं. मला वाटलं होतं ती फाडून खाईल. माझी तयारी होती. खरं तर माझी तीच इच्छा होती. ती भांडली असती तर मी हरले असते, कंपनीला नाही म्हणाले असते आणि पुढे वर्षभर तिला त्याचा हिशोब ऐकवला असता. आमचा व्यवहार असाच चालायचा.

फोनवर मागे आईच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "मार. पण मरण मी लिहिणार."

मी म्हटलं, धाकटीच्या डोळ्यांदेखत मरायचं असेल तर तो भाग धाकटीचा होतो, म्हणजे माझा. त्यावर आमची चांगली जुंपली आणि मला हायसं वाटलं. शेवटी ठरलं की दोघींनी मिळून बसवायचा, समोरासमोर, तिच्या स्वयंपाकघरात.

रविवारी मी मोहननगरहून मेट्रो धरून पुलबंगशला उतरले, ई-रिक्षानं चढावर गेले. ताईनं सगळं आधीच रचून ठेवलं होतं. तिनं मला उभ्या उभ्या सांगितलं. गावाकडचा एक शिपाई कोठीवर नोकरीला येतो आणि थोरलीला ओळखतो. तिला मारहाण होते, भर जेठ महिन्याच्या उन्हात चाऱ्याच्या कोठडीत कोंडलं जातं. दुसऱ्या दिवशी कोठडीचं दार उघडून शिपाई म्हणतो, ह्या दोघी होत्या, दुसरी कुठे आहे? सगळे बघत असताना धाकटीला राहवत नाही, ती पाण्याचं भांडं उचलून थोरलीकडे निघते. आता एक पाऊल आणखी टाकलं की ती ओळखली जाणार. तेव्हा थोरली तिच्याकडे बघून म्हणते, "हिच्या हातचं पाणी मला नको. ही माझी कोणी नाही." आणि तहानेनं मरते. धाकटी वाचते.

हे मला सुचलं नव्हतं. ताईला सुचलं होतं, तेही ज्या दिवशी तिला काढून टाकलं त्या दिवशी. मला रडू येत होतं आणि मत्सरानं पोटही दुखत होतं, दोन्ही एकदम.

आई आत झोपली होती. मी फोन ओट्यावर ठेवला, रेकॉर्डिंग लावलं, हातात पाण्याचा ग्लास घेतला. ताई फ्रीजला टेकून खाली बसली. मी ग्लास घेऊन पुढे आले आणि ती वाक्य म्हणाली. छान म्हणाली, पण खोटं वाटलं. मी तसं सांगितलं. तिनं पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, जयंतीच्या स्टेजवर उभी राहिलीस तू, माइक शोधतेयस. ती चिडली, पुन्हा म्हणाली. आता त्यात राग आला, आणि राग म्हणजे नातं आलं. ज्या बाईवर आपण रागावतो ती आपली कोणीतरी असते. बाईसाहेबांना लगेच संशय आला असता. हे मीच तिला समजावून सांगितलं, अगदी शहाण्यासारखं. पुन्हा. ह्या वेळी माया डोकावली. पुन्हा. आता शब्द नुसते पडले. पुन्हा, ताई, अजून खरं नाही वाटत.

मला त्यात मजा येत होती हेही सांगते. आयुष्यात पहिल्यांदा मी परीक्षक होते आणि ती स्पर्धक.

शेवटी ती उठली आणि गॅलरीत गेली. माकडांसाठी लावलेल्या जाळीला धरून टेकडीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं रडतेय, पण पाठ अगदी स्थिर होती. बऱ्याच वेळानं आत आली, पुन्हा फ्रीजला टेकून बसली, माझ्याकडे बघितलं. मी ग्लास घेऊन पुढे झाले. ती हळू आवाजात, कंटाळल्यासारखी म्हणाली, "हिच्या हातचं पाणी मला नको. ही माझी कोणी नाही."

माझा हात आपोआप खाली आला. क्षणभर मला भीती वाटली, आपण चुकून कुणाच्या तरी परक्या घरात शिरलो आहोत अशी. आणि लगेच, त्या भीतीच्या पाठोपाठ, आनंद झाला. हे चालणार, लोक ढसाढसा रडणार. मी ओरडलेच, "हेच! हेच घेऊ." ताई उठून तोंड धुऊन आली आणि जेवून जातेस का म्हणाली. मी जेवून निघाले. वरणभात, वांग्याची भाजी. जेवताना ती फारशी बोलली नाही, पण मी एवढी बोलत होते की ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या भागानं हाहाकार केला. मॅनेजरचे फोनवर फोन. ऐकणाऱ्यांनी खाली पानभर लिहिलं, कोणी बहिणीला फोन लावला म्हणून लिहिलं, कोणी गाडी बाजूला घेऊन रडल्याचं लिहिलं. मी मंत्रालयातलं काम सोडलं. नवरा म्हणाला थोडं थांब, पण मी आता कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. ताईच्या घरी आईनं तो भाग ऐकला. दुखण्यानंतर आई तिच्या लहानपणच्या बोलीत गेली आहे. मी भेटायला गेले तेव्हा तिनं माझा हात धरून विचारलं, "काहून मारलं वं थोरलीले?" मी म्हटलं, गोष्ट आहे आई. ती म्हणाली, ते समजते मले, पण काहून मारलं? ताई बाजूला औषधं लावत होती.

आणि मग मालिका मेली. एका दिवसात नाही. थोरलीसारखीच, तहानेनं, हळूहळू. आधी लोक धाकटीला शिव्या देण्यापुरते तरी टिकले. बहीण मरत असताना गप्प उभी राहिली, हिचं आता आम्ही काय ऐकायचं? मी धाकटीला खूप रडवलं, तिच्याकडून सूड घेववला, तिला बाईसाहेबांच्या बरोबरीनं बसवलं. काहीच लागू पडेना. तिचं गुपित माहीत असलेलं जगात कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे ती ज्याच्याशी बोलेल त्याच्याशी खोटंच बोलत होती. चाऱ्याच्या कोठडीमागे भांडायला कोणी नव्हतं. मला कळत होतं रोग काय आहे ते. औषध मीच मारून टाकलं होतं.

दुपारी ताईचा फोन यायचा बंद झाला होता, कारण काम नव्हतं. मी एकटीच फोन रेकॉर्डिंगवर टाकून दोन्ही आवाजांत भांडायचा प्रयत्न करायचे. थोरलीचा आवाज काढून मी मलाच टोचून बोलायचे, पण माझी थोरली मला जिथे दुखतं तिथे कधी बोट ठेवायचीच नाही. ते ताईलाच येत होतं. मुलगी शाळेतून आली की दारातच थांबायची आणि बाबाला फोन करून सांगायची, मम्मी परत कोणाशी तरी भांडतेय आणि घरात कोणीच नाहीये. मी तासन् तास बसायचे आणि चार ओळी व्हायच्या, त्याही भिकार. मला झोप लागेना, अन्न जाईना. काम सोडून बसले होते, नाव माझं एकटीचं लागत होतं आणि त्या नावाखाली रोज काहीतरी निर्जीव जात होतं.

मॅनेजरनं पुन्हा बोलावलं. आता ती गोड बोलत नव्हती. म्हणाली, बड़ी वाली को वापस ले आइए, मॅम, बॉडी किसने देखी है. कोठडीत कोंडली, कोणीतरी सोडवली, वेष पालटून आली, काहीही. आणि बहिणीलाही परत आणा, दोघींचं नाव लावू. महिनाअखेरपर्यंत नाही जमलं तर बंद करू. मी जिना उतरले तेव्हा मला हसू येत होतं. ताई परत येणार होती, हुकमानं.

मी तशीच ताईकडे गेले. ती आईला भरवत होती. आईच्या ओठांवरून पेज ओघळत होती आणि ताई ती चमच्यानं टिपत होती. मी सगळं सांगितलं. ती शांतपणे नाही म्हणाली. मेलेली माणसं परत आणली की सगळं पोरखेळ होतं, म्हणाली. मुद्दा बरोबर होता म्हणून मी त्याला हात घातला नाही. मी फोन काढून पलंगाच्या कडेवर ठेवला, रेकॉर्डिंग लावलं आणि धाकटी झाले.

"अक्का, ऊठ. मेल्याचं सोंग पुरे झालं."

ताई आईची हनुवटी पुसत राहिली. मी तिला तिच्या किल्ल्यांवरून बोलले, तिच्या तोऱ्यावरून बोलले. काही नाही. मग मी धाकटी राहिले नाही. म्हटलं, "तुला कायम पहिलं यायचं असतं. मरण्यातसुद्धा तूच पहिला नंबर घेतलास आणि मला मागे ठेवलंस शिव्या खायला. मुद्दाम केलंस ते. इतकं चांगलं मरायची काय गरज होती?"

"बरोबर आहे तुझं," ताई म्हणाली.

मी उभ्या उभ्या गार झाले. ताईनं जन्मात मला बरोबर म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, माझ्यावर रागावलीयस ना, मग भांड की. ती म्हणाली, राग असता तर भांडलेच असते. मग तिनं वाटी खाली ठेवली, फोनकडे बोट करून ते बंद कर म्हणाली, आणि मी बंद केल्यावर बोलली.

"त्या दिवशी तू सारखी म्हणत होतीस, खरं वाटत नाही. म्हणून मी गॅलरीत गेले. तिथे उभी राहून मनात घोकत राहिले, ही माझी कोणी नाही, कोणी नाही. आत आले तेव्हा तू ग्लास धरून उभी होतीस आणि मला तू खरंच कोणी वाटली नाहीस. म्हणून तो भाग तसा झाला."

"ताई, ते नाटक होतं यार."

"मलाही तसंच वाटलं. म्हटलं जेवण होईस्तोवर उतरेल. मग म्हटलं चार दिवसांत उतरेल. रोज सकाळी उठून बघते." ती थांबली. "उतरत नाहीये गं."

ती खोटं बोलत नव्हती, दुष्टपणाही करत नव्हती. हरवलेली वस्तू घरात कुठेच सापडत नाही असं सांगावं, तसं सांगत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुन्हा, पुन्हा म्हणत मीच ते तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

मग मी भीक मागितली. दुसरा शब्द नाही त्याला. आईच्या पलंगाशी बसून ताईला म्हटलं की मालिका जाऊ दे खड्ड्यात, नाव तुझं एकटीचं लाव, मला काही नको, मला तुझ्याशिवाय लिहिता येत नाही आणि लिहिणं राहू दे, मला तुझ्याशिवाय दुपार काढता येत नाही. रोज फोन कर, मला वाट्टेल ते बोल, जुनं काढ, नवं काढ. मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. शेजारची बाई रडत आली तर फिरवावा तसा, अगदी मनापासून. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पाणी आणायला उठली.

महिनाअखेरीस मालिका बंद झाली. कंपनीनं धाकटीचं काय झालं तेही सांगू दिलं नाही, मधेच तोडली. मी पुन्हा भाषांतराला लागले. दर रविवारी आईला बघायला जाते. ताई माझी चौकशी करते, मुलीचे मार्क विचारते, नवऱ्याच्या गुडघ्यांना कुठलं तेल लावावं ते सांगते. निघताना खाली रिक्षा मिळेपर्यंत गॅलरीत उभी राहते. कोणी बघितलं तर म्हणेल, किती छान आहेत दोघी. मी मात्र परतीच्या मेट्रोत दाराकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे माझे डोळे कोणाला दिसायला नकोत.

अजून मी प्रयत्न सोडलेला नाही. मुद्दाम चुकीचं बोलते, तिच्या आवडत्या गोष्टींना नावं ठेवते, तिनं आईला चुकीचं पथ्य दिलं म्हणते. मागच्या रविवारी तर म्हटलं की ती लखनौवाली चुकीची नव्हती, थोरलीचे भाग खरंच संथ होते, आणि मालिका जी काही चालली ती धाकटीच्या जिवावर. एरवी ह्या वाक्याला ताईनं मला जिन्यावरून खाली ढकललं असतं. मी तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिले. हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते.

ताई आईच्या उशीचा अभ्रा बदलत होती. तिनं हातातलं काम थांबवून थोडा विचार केला.

"असेल," ती म्हणाली. "तुला त्यातलं जास्त कळतं."